तांबड्या शेवाळांतील भाऊबंदकी

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वर्गांत परोपजीवी वनस्पतींचा धडा चालला होता. शाळेच्या आवारांतच एक जुना आंबा होता व त्याच्या एका फांदीवर बांडगूळ माजलें होतें. म्हणून मुलांना बाहेर नेऊन मीं तें प्रत्यक्ष दाखविलें. आंब्याचीं पानें कोणतीं, बांडगुळाचीं कोणतीं, तें फांदीच्या आंत कसें शिरतें, आंब्याच्या तोंडचें पाणी कसें पळवितें, हें सारें सांगून झालें. इतक्यांत मागें उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, बांडगूळ हें आंब्याचें नातेवाईक असतें का?” सारा वर्ग हंसला. मलाहि हंसूं आवरलें नाहीं. मी म्हणालों, “अरे, नातेवाईक कधीं असें रक्त शोषितात काय?” त्यावर वर्ग अधिकच मोठ्यानें हंसला, घरोघरच्या भाऊबंदकीचें ज्ञान त्या मुलांस माझ्या समजुतीपेक्षां अधिक असावें. प्रश्न विचारणारा मुलगा मात्र हिरमुसला होऊन गप्प बसला.

आंब्यापुरतें माझें उत्तर चूक नव्हतें. आंबा एका कुलांतला, बांडगूळ सर्वस्वीं निराळ्या कुलांतलें. काजू किंवा बिब्बा हा आंब्याचा नातेवाईक, बांडगूळ नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर रिकामपणीं वाचन करीत असतां माझ्या हातीं असा एक विषय आला, कीं त्यानें मला त्या दिवसाची आठवण करून दिली. वनस्पतिसृष्टीचा एक मोठा विभाग असा आहे, कीं जेथें त्या मुलाचा प्रश्न हाच मुख्य प्रश्न ठरला, आणि त्याचें उत्तर मिळवितांना मोठमोठे विद्वान चकले. हा विभाग म्हणजे समुद्रांतील तांबडें शेवाळ. त्यांतील परोपजीवी जातींचा शोध कसकसा लागत गेला, तें आज सांगावयाचें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक; तेव्हां शास्त्रज्ञाच्या अधिकारानें नव्हे, तर जिज्ञासूच्या हौसेनें बोलणार आहें.

शेवाळ म्हटलें कीं आपल्यापुढें आडाच्या पायरीवरचें हिरवें, निसरडें शेवाळ उभें राहतें. समुद्रांतलें तांबडें शेवाळ त्याहून फार निराळें. तें आपल्या स्वयंपाकघरांतहि येऊन गेलेलें आहे. ज्यास आपण ‘चायना ग्रास’ म्हणतों व दुधांत शिजवून ज्याच्या थरथरत्या वड्या पाडतों, तो पदार्थ तांबड्या शेवाळापासूनच काढतात. ग्रॅसिलेरिया नांवाचें दोऱ्यासारखें शेवाळ हें त्याचें एक प्रमुख साधन. हें नांव कृपया ध्यानांत ठेवावें, कारण पुढें तें पुन्हा यावयाचें आहे. ओहोटीच्या वेळीं कोंकणच्या किनाऱ्यावर खडक उघडे पडतात, तेव्हां त्यांवर किरमिजी, जांभळट, कधीं अगदीं गुलाबी रंगाचे जे झुपके दिसतात, ते याच जातकुळीचे. कोपनहेगनचे बोर्गेसेन नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनीं त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील तांबड्या शेवाळांचें वर्णन १९३१ ते १९३४ या वर्षांत ‘क्यू बुलेटिन’मध्यें क्रमशः प्रसिद्ध केलें आहे.

जगांत या शेवाळांच्या सुमारें सात हजार जाती ज्ञात आहेत. त्यांच्यांत हरितद्रव्य असतेंच, परंतु त्यावर एका तांबड्या रंगद्रव्याची छाया असते. समुद्राच्या पाण्यांत खोलवर जो निळाहिरवा प्रकाश पोंचतो, तो हें द्रव्य शोषून घेतें व अन्न तयार करण्याच्या कामीं लावतें. आयर्लंडचे हार्वे यांनीं १८३६ सालीं शेवाळांची विभागणी त्यांच्या रंगावरून केली : हिरवीं, तपकिरी आणि तांबडीं. इतकी सोपी पद्धति, पण मूळ विभागणी आजहि बव्हंशीं टिकून आहे. आतां यांतली गंमत अशी, कीं पुढें ज्या एका शेवाळास याच हार्वेंच्या स्मरणार्थ ‘हार्वेएला’ असें नांव देण्यांत आलें, त्याच्या अंगीं तांबडा रंग नाहीं कीं हिरवा नाहीं. तें परोपजीवी असून पांढुरकें आहे!

अशा परोपजीवी जाती आज शंभराहून अधिक ठाऊक आहेत. त्या दिसावयास अगदीं क्षुद्र असतात. एखाद्या शेवाळाच्या फांदीवर मोहरीएवढी, फार तर वाटाण्याएवढी फिकट गांठ दिसते. कोणासहि तो रोग वाटावा. सुरीनें पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला म्हणजे दिसतें, कीं त्या गांठीचे धागे यजमानाच्या अंगांत शिरले आहेत, आणि बाहेर जो फुगवटा आहे तो मुख्यतः प्रजोत्पादनाच्या अवयवांचा आहे. पान नाहीं, फांदी नाहीं, रंग नाहीं. खावें आणि संतति वाढवावी, एवढेंच काय तें.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. दुसऱ्याच्या अंगावर वाढणारें प्रत्येक शेवाळ परोपजीवी नसतें. समुद्रांत जागेची टंचाई मुंबईइतकीच आहे. ज्यास खडक मिळत नाहीं तें दुसऱ्या शेवाळाच्या पाठीवर बिऱ्हाड करतें. पण पाहुणा ओसरीवर पथारी टाकून निजला, म्हणजे तो कोठीघरांत शिरला असें होत नाहीं. उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड किनाऱ्यांवर या दोन्ही प्रकारांचें एकत्र उदाहरण पाहावयास मिळतें. तेथें खडकांवर अ‍ॅस्कोफिलम नांवाचें तपकिरी शेवाळ विपुल असतें. त्याच्या अंगावर पॉलिसिफोनियाच्या एका जातीचे तांबडे झुपके वाढतात. हे आपलें अन्न बहुतांशीं आपणच करतात. आणि या झुपक्यांवर कोरिओकोलॅक्स नांवाची बारीक पांढरट गांठ आढळते. ती मात्र खरी परोपजीवी. भाडेकरूच्या घरांत शिरलेला चोर म्हणावा तसा हा प्रकार आहे.

हाच कोरिओकोलॅक्स आमच्या कथेचा नायक. जर्मन अभ्यासक राइन्श यांनीं त्याचें वर्णन १८७५ सालीं प्रसिद्ध केलें. ‘कोलॅक्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थ खुषमस्कऱ्या, धन्याच्या ताटावर पोसला जाणारा भाट; पुढें हा शब्द अशा कित्येक शेवाळांच्या नांवांस जोडला गेला. दोनच वर्षांनीं, १८७७ सालीं, झोल्म्स-लाउबाख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें आणखी एक असें शेवाळ वर्णिलें व यांचेव्स्की या पोलिश विद्वानाच्या नांवावरून त्यास ‘यांचेव्स्किया’ असें नांव दिलें. झोल्म्स-लाउबाख हे जमिनीवरील परोपजीवी फुलझाडांचे नामांकित अभ्यासक होते. तेव्हां बांडगूळ म्हणजे काय हें त्यांस कोणी शिकवावयास नको होतें. यांचेव्स्किया लॉरेन्शिया नांवाच्या शेवाळाच्या जातींवर वाढतें. आणि चमत्कार असा, कीं त्याची प्रजोत्पादनाची सारी रचना लॉरेन्शियाच्या रचनेशीं जुळते. आंब्यावर बांडगूळ वाढावें आणि त्याच्या फांदीस आंब्याचाच मोहर यावा, तशी ही गोष्ट होती.

ही रचना म्हणजे काय, हें थोडें सांगावयास हवें. कारण पुढचा सारा घोटाळा त्यावरच उभा आहे. तांबड्या शेवाळाच्या नरपेशीस पोहतां येत नाहीं. पाणी नेईल तिकडे ती जाते. स्त्रीपेशीला केंसासारखें एक लांब टोंक असतें, त्यास ती येऊन चिकटली म्हणजे गर्भधारणा होते. जर्मनीचे फ्रिडरिख श्मिट्स यांनीं १८८३ सालीं दाखवून दिलें, कीं इतक्यावर काम संपत नाहीं. फलित झालेलें केंद्रक पुष्कळ जातींत तेथून हलविलें जातें व शेजारच्या दुसऱ्याच एका पेशीच्या ओटींत घातलें जातें. त्या पेशीस साहाय्यक पेशी म्हणतात. तेथून धागे फुटतात, आणि नवी पिढी मातेच्या अंगावरच, मातेचेंच अन्न खाऊन वाढते व शेवटीं बीजाणु बाहेर सोडते. माहेरींच राहणारी व माहेरच्याच धान्यावर पोसणारी अशी ही संतति आहे. श्मिट्स यांनीं या साहाय्यक पेशीच्या वर्तनावरून तांबड्या शेवाळांच्या वर्गीकरणाची सारी घडीच नव्यानें बसविली. तीवरच पुढील पिढ्यांचें काम उभें राहिलें.

अशा या थोर माणसाची एक चूक सांगावयाची आहे. फिलोफोरा नांवाच्या शेवाळाच्या अंगावर चामखिळीसारखे लालसर गोळे येतात. क्यूट्झिंग यांनीं १८४३ सालीं या गोळ्यांकरितां ‘अ‍ॅक्टिनोकॉकस’ अशी स्वतंत्र प्रजाति निर्माण केली होती. गोळे फिलोफोराचेच अवयव, कीं त्यावर वाढणारी निराळीच वनस्पति, हा प्रश्न होता. श्मिट्स यांनीं १८९३ सालीं यावर एक मोठा निबंध लिहून निकाल दिला : ही परोपजीवी वनस्पति आहे. त्याच निबंधांत, आन्फेल्शिया नांवाच्या दुसऱ्या एका शेवाळावरील अशाच गोळ्यांनाहि त्यांनीं परोपजीवी ठरविलें आणि नांव दिलें ‘स्टेरोकोलॅक्स डेसिपिएन्स’. यांतील दुसऱ्या लॅटिन पदाचा अर्थ ‘फसविणारें’. नांव ठेवणाराच फसणार आहे, हें त्या वेळीं कोणास ठाऊक! १८९५ सालीं, पंचेचाळीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वींच, श्मिट्स वारले.

डेन्मार्कचे कोल्डेरूप रोझेनव्हिंगे यांनीं हे गोळे अगदीं प्रारंभापासून, पेशीपेशीनें तपासले. त्यांनीं १९२९ सालीं सिद्ध केलें, कीं अ‍ॅक्टिनोकॉकस ही कोणी परकी वनस्पति नसून ती फिलोफोराची स्वतःचीच संतति आहे. गर्भधारणेनंतर मातेच्या अंगांतून निघालेले धागेच बाहेर येऊन त्यांचा गोळा बनतो व त्यावर बीजाणु धरतात. दोनच वर्षांनीं त्यांनीं स्टेरोकोलॅक्सचीहि तीच वाट लावली; तेहि आन्फेल्शियाचेंच अंग निघालें. म्हणजे ज्या मुलास घरांत शिरलेला चोर म्हणून दप्तरांत नोंदविलें होतें, तो घरचाच मुलगा ठरला. संतति मातेच्या अंगावर पोसली जाते हें ज्यांनीं सर्वांआधीं नीट पाहिलें, त्यांनींच असा निवाडा द्यावा याचें आश्चर्य वाटतें. परंतु माझ्या मतें श्मिट्स यांस दोष देणें बरोबर होणार नाहीं. एका रंगाचे, एका जाडीचे, एकमेकांत गुरफटलेले धागे. त्यांतला घरचा कोणता आणि परका कोणता, हें ओळखणें म्हणजे एकाच सुतानें विणलेल्या कापडांतलें ठिगळ शोधणें होय. शिवाय त्यांची चूक झाली ती उलट्या बाजूनें फार बोलकी आहे. आईच्या अंगावर पोसलेली लेक आणि बाहेरून आलेलें बांडगूळ यांत जर इतकें साम्य आहे, तर एकापासून दुसरें उत्पन्न झालें नसेल कशावरून?

हा प्रश्न स्पष्टपणें पुढें मांडला तो अमेरिकेंत. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्यम सेचेल हे पॅसिफिक किनाऱ्यावरील शेवाळांचे थोर संग्राहक व अभ्यासक. तिकडे ग्रॅसिलेरियाच्या एका जातीवर वाढणारें एक परोपजीवी शेवाळ १९१० सालीं वर्णिलें गेलें व त्याला ‘ग्रॅसिलेरिओफिला ओरिझॉइडीस’ असें नांव मिळालें. ओरिझॉइडीस म्हणजे तांदुळाच्या दाण्यासारखें. काळपट तांबड्या दोऱ्यावर पांढरे दाणे चिकटवावे तसें तें दिसतें. हेंहि आपल्या यजमानाच्याच कुलांतलें! सेचेल यांनीं १९१८ सालीं अशा सर्व जातींचा आढावा घेतला तेव्हां त्यांच्या ध्यानीं आलें, कीं हें अपवादात्मक नसून नेहमींचेंच आहे. जमिनीवर बांडगूळ आणि झाड यांचें नातें नसतें. येथें मात्र परोपजीवी आणि यजमान बहुधा सगोत्र. त्यांनीं तर्क केला तो असा : शेवाळाचे बीजाणु पाण्यांत दूर जाऊन रुजावयाचे, ते क्वचित् मातेच्या अंगावरच रुजत असावेत. अशा एखाद्या बीजाणूंत कांहीं कायमचा बदल घडून आला, तर घर सोडून न जाणाऱ्या त्या मुलापासून बांडगुळांची परंपरा सुरू होईल. दुसऱ्या कांहीं अभ्यासकांना हें पटलें नाहीं. त्यांच्या मतें परोपजीवी शेवाळ हें मूळचें ओसरीवरचा पाहुणा. बसतां बसतां तें घरांत शिरलें.

वाद असा चालू असतां वर्गीकरणाचें काम थांबत नव्हतें, आणि तेथें एक निराळीच चूक होऊं घातली होती. कांहीं परोपजीवी शेवाळें यजमानासारखीं मुळींच दिसत नाहींत. कोरिओकोलॅक्स, हार्वेएला आणि ग्रॅसिलेरियावर वाढणारें होल्म्सेला हीं त्यांतलीं. यांचा अभ्यास करून इंग्लंडमधील स्टर्च यांनीं १९२६ सालीं त्यांस एका स्वतंत्र कुलांत घातलें. तिघेंहि लहान, तिघेंहि फिकट, तिघांचीहि अंगरचना उतरलेली. म्हणून तिघें एका घरचीं. दुष्काळांत निरनिराळ्या गांवांहून आलेलीं माणसें एका धर्मशाळेंत बसलीं असतां सारखींच दिसतात, म्हणून त्यांस एका आईचीं लेकरें समजावें, तसें हें झालें. पुढें १९५८ सालीं झां फेल्डमान व झनव्हिएव्ह फेल्डमान या फ्रेंच दांपत्यानें या दोन प्रकारांना दोन पारिभाषिक नांवें सुचविलीं. यजमानाचे जवळचे आप्त ते ‘अ‍ॅडेल्फोपॅरासाइट’, कारण ग्रीक भाषेंत अ‍ॅडेल्फॉस म्हणजे भाऊ. मराठींत आपण त्यांस खुशाल ‘भाऊबंद परोपजीवी’ म्हणावें. आपल्या भाषेस याकरितां नवा शब्द घडवावा लागत नाहीं. उरलेले ते परके. बहुतेक जाती भाऊबंदांतच मोडल्या, परके थोडे. ही विभागणी साठ वर्षें ग्रंथांतून राहिली.

मध्यंतरीं हेहि सिद्ध करणें अवश्य होतें, कीं हीं शेवाळें खरोखरच यजमानाचें अन्न खातात. रंग नाहीं म्हणून चोर, हा पुरावा नव्हे. १९७३ सालीं इंग्लंडमधील अभ्यासकांनीं ग्रॅसिलेरियाला किरणोत्सर्गी कार्बन खाऊं घातला आणि पाहिलें, तर कांहीं काळानें तो कार्बन होल्म्सेलाच्या अंगांत उतरलेला आढळला. चोरास मुद्देमालासह पकडलें तें असें.

पण तो घरांत शिरतो कोठून? याचें उत्तर मला या सर्व इतिहासांत अत्यंत विलक्षण वाटलें. तांबड्या शेवाळांत एक खास व्यवस्था आहे. पेशीचे दोन भाग होतात तेव्हां मधली भिंत पुरी मिटत नाहीं. मधोमध एक छिद्र राहतें व त्यांत बूच बसतें. हीं झालीं जन्मानें सख्ख्या पेशींचीं दारें. याशिवाय शेजारच्या धाग्यांतील दोन पेशींनाहि एकमेकींस जोडतां येतें. त्याची रीत अशी, कीं एक पेशी आपल्या अंगापासून एक चिमुकली पेशी तोडते, तिच्यांत एक केंद्रक घालते, आणि ती चिमुकली पेशी शेजारणीच्या अंगांत विलीन होते. पहिलीशीं असलेलें बूच तसेंच राहतें. त्यामुळें दोन्ही घरांमध्यें दार पडतें, आणि एकीचें केंद्रक दुसरीच्या घरांत जाऊन राहतें. स्वतःच्या शरीरांत हें शेवाळ असें रोज करीत असतें. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण सारीं केंद्रकें एकाच घरचीं.

अमेरिकेंतील लिंडा गॉफ व अ‍ॅनेट कोलमन या दोन विदुषींनीं १९८४ सालीं दाखविलें, कीं कोरिओकोलॅक्स नेमकें हेंच यजमानाशीं करतें. केंद्रकांतील डी. एन. ए. ला चिकटून चमकणारा एक रंग त्यांनीं वापरला, म्हणून कोणतें केंद्रक कोणाचें हें ओळखतां आलें. परोपजीवी पेशी आपली चिमुकली पेशी तोडते, ती पॉलिसिफोनियाच्या पेशींत विलीन होते, आणि परोपजीवीचें केंद्रक यजमानाच्या पेशींत जाऊन बसतें. तेथें तें विभागत नाहीं, पण कित्येक आठवडे टिकतें, आणि त्या पेशीचा कारभार बदलूं लागतो. कुलुप तोडलें नाहीं, भिंत फोडली नाहीं. घरच्या माणसांनीं एकमेकांकडे जाण्यासाठीं ठेवलेल्या दारांतूनच तो आंत आला. भाऊबंद प्रकारांत तर गोष्ट याहून पुढें जाते. ग्रॅसिलेरिओफिलाचीं केंद्रकें यजमानाच्या पेशींत शिरून तेथें वाढतात, एका पेशींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत पसरतात. भिंती यजमानाच्या आणि सत्ता पाहुण्याची, अशी त्या पेशींची अवस्था होते.

आतां यजमान जितका जवळचा, तितकें हें दार उघडणें सोपें, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. परक्याची पेशी आपलींत विलीन होऊं देणें अवघड. सख्ख्याची सहज होते. समुद्रांतील बांडगूळ आप्तांतूनच कां निपजतें, याचें माझ्या अल्प समजुतीप्रमाणें हें मोठें कारण असावें.

१९९५ सालीं याच दोघींनीं आणखी एक शोध प्रसिद्ध केला. वनस्पतीच्या पेशींत रंग धारण करणारे जे कण असतात व ज्यांत अन्न तयार होतें, त्यांस स्वतःचा निराळा डी. एन. ए. असतो. त्यावरून ते कोणाचे हें ठरवितां येतें. ग्रॅसिलेरिओफिलासारख्या भाऊबंद परोपजीवींच्या अंगांतील हे कण त्यांचे स्वतःचे नसून यजमानाचे आहेत, असें दिसून आलें. स्वतःचे कण ते गमावतात. बीजाणु तयार करतांना यजमानाच्या पेशींतले कण त्यांत भरून देतात. लेकीची पाठवणी करावी ती शेजाऱ्याच्या कोठारांतल्या शिदोरीनें! पुढल्याच वर्षीं, १९९६ सालीं, गॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यजमान व परोपजीवी यांचे डी. एन. ए. शेजारीं शेजारीं ठेवून तपासले. ग्रॅसिलेरिओफिलाचें सर्वांत जवळचें नातें त्याच्या यजमानाशींच निघालें. सेचेल यांचें निधन १९४३ सालींच झालें होतें; आपल्या तर्कास इतका भक्कम पुरावा मिळालेला त्यांस पाहावयास सांपडला नाहीं.

आणि स्टर्च यांच्या त्या परक्यांच्या कुलाचें काय झालें? २००४ सालीं झुकारेल्लो, मून व गॉफ यांनीं त्याची झडती घेतली, तेव्हां तें कुल म्हणजे कुलच नव्हे असें ठरलें. कोरिओकोलॅक्स व हार्वेएला हीं पॉलिसिफोनिया ज्या मोठ्या कुलांत मोडतें त्यांतलीं निघालीं. आणि होल्म्सेला निघालें ग्रॅसिलेरियाच्या कुलांतलें. कोरिओकोलॅक्स राहतें पॉलिसिफोनियावर, हार्वेएलाचे यजमान त्याच कुलांतले, आणि होल्म्सेला राहतें ग्रॅसिलेरियावर. म्हणजे ज्यांना परके म्हणून निराळें काढलें होतें, तेहि दूरचे कां होईना, पण यजमानाचे गणगोतच होते. दारिद्र्यानें चेहरे इतके बदलले होते, कीं घरचें माणूस ओळखूं आलें नाहीं, एवढेंच. हें वाचलें त्या रात्रीं मला आमच्या शाळेच्या आवारांतला तो आंबा आठवला, आणि मागें उभा असलेला तो मुलगाहि आठवला. त्याला मीं हंसण्यावारी नेलें, तें नेऊं नये होतें.

तरी जवळच्या आणि दूरच्या या आप्तांत कांहीं फरक आहे काय? आहे, आणि तो अलीकडेच कळला. सर्वच परोपजीवी यजमानाचे रंगकण पळवीत असतील अशी समजूत होती. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड विद्यापीठांत क्रिस्टोफर लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोरिओकोलॅक्स पुन्हा हातीं घेतलें. २०१५ सालीं त्यांनीं जाहीर केलें, कीं या शेवाळानें आपला स्वतःचा कण अजून जपून ठेवला आहे. प्रकाशापासून अन्न करण्याचीं सारीं जनुकें त्यांतून नाहींशीं झालीं आहेत. सामान्य तांबड्या शेवाळाच्या कणांत जितका मजकूर असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास, सुमारें नव्वद हजार अक्षरांचा, उरला आहे. ‘भुताटकीचा कण’ अशा अर्थाचें नांव त्यांनीं त्यास दिलें. मेद व कांहीं आम्लें बनविण्यासारखीं किरकोळ कामें तो अजून करतो, म्हणून तो टाकून देतां आला नसावा.

२०१९ सालीं सालोमाकी व लेन यांनीं असें सुचविलें, कीं भाऊबंद आणि परके हे शब्द आतां सोडून द्यावे, कारण परका असा कोणी राहिलाच नाहीं. त्याऐवजीं, ज्यांनीं आपला जुना कण राखला ते एक आणि ज्यांनीं यजमानाचा नवा घेतला ते दुसरे, अशी विभागणी करावी. स्वतःचा कण राखणारीं कोरिओकोलॅक्स व हार्वेएला एकाच शाखेचीं ठरलीं; म्हणजे स्टर्च यांनीं एका घरांत बसविलेल्या तिघांपैकीं दोघांचें नातें खरें निघालें, आणि घर मात्र पॉलिसिफोनियाच्या मोठ्या वाड्यांतली एक खोली ठरली.